मोठा माईक आणि मागे सरकणाऱ्या बाया

सुखदेव गजभिये कोणाच्याही घरी पहिल्यांदा गेला की उंबऱ्यात उभा राहून एक टाळी वाजवायचा. एकच. मग मान वाकडी करून थांबायचा. घरची बाई आतून डोकावायची, कोण आलं म्हणून. तो म्हणायचा, "काई नाई, घर कसं बोलते पायलं."

नवीन स्लॅबच्या घरांना तो नावं ठेवायचा. गुळगुळीत फरशी, गुळगुळीत भिंती, टाळी वाजवली की आवाज भिंतीभिंतीवर आपटत फिरतो. "हंड्यात बसल्यावानी वाटते," म्हणायचा. घरमालकाने नुकताच चुलत्या-मामांना बोलावून घरभरणीचं जेवण घातलेलं असायचं, आणि हा असं बोलायचा. आमच्या मातीच्या, कवेलूच्या घरात त्याने टाळी वाजवली आणि म्हणाला, "वयनी, घर चांगलं हाये तुमचं. ऐकून घेते. उलटून बोलत नाई."

माझा नवरा तेव्हा होता. तो खाटेवरून म्हणाला, "घर नाई बोलत गा, पन घरची बोलते."

सुखदेव आमच्या करडी गावचाच. पण नोकरी सगळी जवाहरनगरच्या फॅक्टरीत गेली. इलेक्ट्रिशियन होता. राहायला तिथलंच क्वार्टर. कॉलनीत बुद्धजयंती असो, गणपती असो, खेळांचं बक्षीस वाटप असो, माईक आणि कर्णे हाच लावायचा. रिटायर झाला तेव्हा बायको आधीच वारली होती आणि एकुलती मुलगी स्नेहल पुण्याला होती. गावी परत आला. लोकांना वाटलं, आता हा पानठेल्यावर बसून राजकारण बोलेल. त्याने घरातली धान ठेवायची खोली रिकामी केली, भिंतींना आतून बारदाना ठोकला, त्यावर गोधड्या ठोकल्या आणि स्टुडिओ सुरू केला. गोधड्या गावातल्या बायांकडून मागून आणल्या होत्या. माझी एक उत्तरेच्या भिंतीवर होती. खिळा मारताना त्याने ती फाडली आणि मला सांगितलंही नाही. मी पाहिल्यावर म्हणाला, "आवाजाले भोक चालते."

त्या खोलीचा राजा म्हणजे मोठा माईक. नागपूरला एक स्टुडिओ बंद पडला तेव्हा सुखदेवने तो तिथून आणला होता. लोट्याएवढा, वर जाळी, रंग उडालेला. त्यावरचं इंग्रजी नाव मला वाचता यायचं नाही. आम्ही सगळे त्याला मोठा माईक म्हणायचो.

या माईकला ओल सोसत नसे. आमच्याकडे आषाढ लागला की मिठाला पाणी सुटतं, माचिस पेटत नाही, वाळत घातलेलं लुगडं दोन दिवस ओलं राहतं. त्या दिवसांत मोठा माईक चालू केला की तेलात मोहरी पडल्यासारखा तडतडायचा. म्हणून सुखदेव पुड्या जमवायचा. नव्या चपलेच्या डब्यात ती बारीक पांढऱ्या मण्यांची पुडी असते, खाऊ नये असं लिहिलेली, ती. गावात कोणी चप्पल घेतली की पुडी त्याच्याकडे जायची. गोळ्यांच्या बाटलीत निघाली तरी जायची. तुमसरच्या चपलांच्या दुकानात गेला तर दुकानदाराने विचारलं, "कोनती दाखवू?" हा म्हणाला, "चप्पल रायू द्या. पुड्या किती हायेत?" स्टीलच्या डब्यात त्या पुड्यांची गादी करून त्यावर तो माईक झोपवायचा. बायकोलाही त्याने इतकं जपलं असेल असं मला वाटत नाही, आणि हे मी त्याला तोंडावर म्हटलं होतं. तो म्हणाला, "तिले ओल चालत होती."

माईक लावला की लोक हॅलो हॅलो करतात. त्याला ते अजिबात खपत नसे. "हॅलो म्हटलं का मानूस सरकारी होते," म्हणायचा. तो विचारायचा, "आज भाजी काय केली?" मग समोरचा माणूस सांगायचा, वांगं केलं, चवळी केली, काही नाही केलं, चटणी खाल्ली. त्या आवाजावर तो बटणं फिरवायचा.

एकदा लाखांदूरचा एक कापड दुकानदार आला होता. ऑटोवर कर्णा लावून गावोगाव फिरवायची जाहिरात त्याला भरायची होती. मी त्या दिवशी फाटकी गोधडी शिवायला खोलीत बसले होते. सुखदेवने विचारलं, "भाजी काय खाल्ली?"

"वांगे."

"हं. आता बोला."

दुकानदार छाती फुगवून ओरडला, भव्य सेल, भव्य सेल. सुखदेवने बटण बंद केलं. "वांगे ज्या आवाजात बोलले ना शेठ, त्याच आवाजात सेल बोला."

"वांग्याच्या आवाजात कपडा कोन घेईन?"

"मी घेईन. मले तुमचं वांगं पटलं. सेल नाई पटला."

दुकानदार उठला, भंडाऱ्याला गेला आणि तिथे हवी तशी जाहिरात करून आला. पुढे ती आमच्या गावातून वाजत गेली, आणि आम्ही दोघी-तिघी जणी तिथून लुगडी घेऊन आलो. मी सुखदेवला दाखवायला मुद्दाम नवीन लुगडं नेसून गेले. त्याने पाहून न पाहिल्यासारखं केलं.

तो काही फार हुशार होता असं नाही. आमच्या भाचीच्या लग्नात वंदना, मंगल गाथा, सगळं रेकॉर्ड करतो म्हणून सकाळपासून वायरी पसरून बसला. कोणाला खुर्ची सरकवू दिली नाही. जेवणाऱ्यांना पत्रावळी हळू टाका म्हणाला. संध्याकाळी पाहिलं तर रेकॉर्डचं बटणच दाबलं नव्हतं. मुलाच्या बापाने विचारलं तेव्हा म्हणाला, "माईक चांगला लागला होता पन."

माझा स्वतःचा आवाज मी पहिल्यांदा त्याच्या खोलीत ऐकला. रोवण्याचं, म्हणजे धान लावतानाचं, एक गाणं त्याने माझ्याकडून म्हणवून घेतलं आणि वाजवलं. मी विचारलं, "हे कोन बाई चिरकते?"

"तुमीच हाव."

"खोटं. तुमचा माईक बिघडला."

"सगळ्यायले असंच वाटते. आपला आवाज आपल्याले हाडातूनही येते. दुसऱ्याले निस्ता हवेतून."

"मंग खरा कोनता?"

तो वायरी गुंडाळायला लागला. पुढे बऱ्याच दिवसांनी बाजारात भेटला. मी कांदे निवडत होते. रामराम नाही, जयभीम नाही, सरळ म्हणाला, "दोनी खरे असू शकते, वयनी. पन मंग माईक कोनाच्या बाजूनं हाये?" कांदेवाला आमच्याकडे बघत राहिला. असा प्रश्न त्याच्या डोक्यात एकदा शिरला की मुंगीसारखा फिरत राहायचा.

आता मुख्य गोष्ट. कौसाबाईचं गाणं.

कौसाबाई आमच्यापेक्षा मोठी. तिच्या घरची माणसं तळ्यात मासे धरायची आणि ती पावसाळाभर आमच्याबरोबर रोवण्याला यायची. रोवणा कसा असतो हे ज्याने पाहिलं नाही त्याला सांगते. चिखल केलेल्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, बाया ओळीने उभ्या राहतात, डाव्या हातात पऱ्ह्यांची, कोवळ्या रोपांची जुडी, कमरेत वाकलेल्या. उजव्या हाताने दोन-तीन रोपं चिखलात खोचायची आणि मागे सरकायचं. पुढे जाऊन चालत नाही, आपलंच लावलेलं आपल्या पायाखाली येतं. सगळी बांधी मागे सरकत सरकत हिरवी करायची आणि धुऱ्याला, म्हणजे बांधाला, पाठ लागली की संपली.

कौसाबाईचं गाणं एका बांधीला पुरायचं. एका सासुरवाशिणीला न्यायला भाऊ येतो. सासू म्हणते, तळ्याची बांधी रोवून जा. ती झाली की म्हणते, जांभळीखालची रोवून जा. मग चिखलाची, मग पांदीची, मग उताराची. प्रत्येक कडव्याला एक बांधी. भाऊ धुऱ्यावर वाट बघत उभा. बाई घरी पोचते की नाही हे शेवटच्या बांधीत कळतं. आम्ही बाकीच्या प्रत्येक कडव्याची शेवटची ओळ झेलायचो, म्हणून आम्हाला तेवढीच यायची. सगळं गाणं एकट्या कौसाबाईला येत होतं. आता रोवण्याचे ठेके जातात, बाया टेम्पोतून येतात, धुऱ्यावर मोबाइल गात असतो. कोणाला कोणाचं झेलायचं नसतं.

ते गाणं रेकॉर्ड करायचं सुखदेवच्या मनात होतं. पण त्याचा हट्ट, मोठ्या माईकवरच करीन. मोठा माईक तर पावसाळ्यात तडतडायचा. हिवाळ्यात करू म्हणायचा, तर हिवाळ्यात कौसाबाई लेकीकडे जायची. मी त्याला म्हटलं होतं, मोबाइलमध्ये भरून टाका. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला ताडी प्या म्हटलं.

मग कौसाबाईच्या छातीच्या दुखण्याने उचल खाल्ली. भंडाऱ्याच्या दवाखान्यात राहून आली. डॉक्टरांनी श्वासाचा पंप दिला आणि चालू-फिरू नका म्हणून सांगितलं. घरी आली ती ऐन आषाढात. तिचा मुलगा सुखदेवला म्हणाला, "भाऊ, घ्यायचं असन तं आता घ्या. हिवाळ्याचं मी काई सांगू शकत नाई." सुखदेवने डबा उघडून मोठा माईक लावला. तडतड, तडतड. त्याने पुण्याला फोन केला.

स्नेहल चार दिवसांची सुट्टी काढून आली. ती तिथे जाहिरातींच्या आणि मालिकांच्या आवाजाचं काम करते. बापासारखीच मान वाकडी करते. लॅपटॉप आणि एक छोटा माईक घेऊन आली. म्हणाली, "बाबा, मोठ्या माईकची गरज नाही. आता माईकची नक्कल कॉम्प्युटरमध्ये मिळते. या साध्या माईकवर गायचं आणि नंतर सांगायचं की मोठ्या माईकसारखं कर. तुमचा माईकपण आहे त्या यादीत."

मला वाटलं, आता हा भडकेल. पण त्याचा चेहरा असा झाला, जसं कोणी नवीन फळ हातात ठेवलं.

"माईक नाई अन् माईकचा आवाज हाये?"

"हो."

"मंग माईक कोठी बसला हाये?"

"गणितात."

"कोनाच्या गणितात?"

"ज्यांनी मोजला त्यांच्या. शांत खोलीत खरा माईक ठेवायचा, त्याच्यासमोर जाड, बारीक सगळे आवाज वाजवायचे. तो कोणता उचलतो, कोणता दाबतो, ते मोजायचं. मग साध्या माईकच्या आवाजाला तेवढंच उचलायचं, तेवढंच दाबायचं."

"म्हंजे त्याचं माप घेतलं."

"माप घेतलं."

"पाऊ बरं."

त्याने मोठ्या माईकचा डबा सकाळपासून पेटत्या बल्बखाली ठेवला. दुपारनंतर माईकची तडतड थोडा वेळ थांबली. दोन्ही माईक शेजारी शेजारी बांधले आणि मला गायला लावलं. मग स्नेहलने आम्हाला भिंतीकडे तोंड करून बसवलं. मी, सुखदेव आणि शेजारचा भोजराम. भोजरामचं आणि सुखदेवचं वाकडं होतं, कारण रेकॉर्डिंग असलं की सुखदेव त्याला विहिरीवरची मोटार बंद करायला लावायचा. सुखदेव हरताना बघायला मिळेल म्हणूनच तो आला होता.

स्नेहलने एक वाजवलं, मग दुसरं. "सांगा, मोठा माईक कोणता?"

सुखदेवने लगेच बोट वर केलं. "दुसरा. आंधळाही सांगन."

"दुसरा कॉम्प्युटर आहे, बाबा."

भोजराम मांडीवर थाप मारून हसला. "मले तं पयलाच वाटला होता. पयल्यात वयनीचा राग जास्त दिसते."

"गप रे. पुन्यांदा लाव."

पुन्हा लावलं. पुन्हा चुकला. तिसऱ्यांदा बरोबर आला, पण त्याने स्वतःच सांगितलं की हा अंदाजाने मारला. मला तर सगळ्यात मीच चिरकताना ऐकू येत होते.

दुसरा कोणी असता तर दोन दिवस घराबाहेर पडला नसता. हा गावभर सांगत सुटला. आटाचक्कीवर सांगितलं, दूध संकलनावर सांगितलं, की मी हरलो, मला फरक कळला नाही. मी विचारलं, "लाज नाई वाटत? इतके वर्षं त्या माईकचे पाय दाबले."

"कायची लाज, वयनी? एक नवीनच जनावर गावात आलं हाये. कोठी कोठी चालते, कोठी अडते, पायलं पायजे ना."

आणि पाहत बसला. सूप पाखडून पाहिलं. पितळी ताट, बकरी, स्वतःचा खोकला, भोजरामच्या शिव्या. प्रत्येक वेळी स्नेहलला दोन्ही वाजवायला लावायचा. "बाबा, मी सुट्टीवर आले आहे," ती म्हणायची. "मंग आराम कर, एवढं एक लावून दे," हा म्हणायचा. शेवटी त्याने स्वतःच ठरवलं. कौसाबाईला छोट्या माईकवर घ्यायचं आणि मागून त्याला मोठ्या माईकचा अंगरखा घालायचा. हिवाळ्याची वाट बघायची नाही.

दुसऱ्या दिवशी मुलाने कौसाबाईला ऑटोने आणलं. मी आणि माझी जाऊ ओळ झेलायला होतो. स्नेहलने जमिनीवर कागद चिकटवला आणि कौसाबाईला म्हणाली, "आत्या, इथे उभ्या राहा. हलू नका. आवाज कमी-जास्त होतो."

"आज भाजी काय केली, आत्या?" सुखदेवने विचारलं.

"भाजी सुनेनं केली. मी निस्ती खाल्ली. बेचव होती."

तिने गाणं सुरू केलं. तळ्याची बांधी झाली. जांभळीखालची झाली. चिखलाच्या बांधीत येऊन थांबली. शब्द येईना. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथेच अडली. पंप ओढला, पाणी प्यायली, पुन्हा अडली. स्नेहलने बापाकडे पाहिलं. मला वाटलं, विसरली बाई, आजारात गेलं गाणं. तिचा मुलगा दारातून म्हणाला, "माय, रायू दे आता."

कौसाबाई चिडली. "काय रायू दे? मले सगळं येते. या पोरीनं माहे पाय बांधले. पाय बांधल्यावर तोंड कसं चालन?"

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. आम्ही ते गाणं कधी उभं राहून म्हटलंच नव्हतं. ओळ संपली की पाय मागे जायचा, आणि पाय मागे गेला की पुढची ओळ यायची. मी स्वतः घरी भांडी घासताना ते म्हणायला गेले की मलाही झेलायची ओळ सापडत नसे. मी हे सांगितलं तेव्हा सुखदेव बाहेर पळाला. परत आला तो भोजरामच्या बांधीतली पऱ्ह्यांची जुडी घेऊन, चिखल गळतोय, गोधड्यांवर शिंतोडे. मागून भोजराम ओरडत, "अबे माहे पऱ्हे!"

जुडी हातात आली आणि कौसाबाई कमरेत वाकली. कोणाला न विचारता. गाणं सुरू झालं आणि ती बोटबोटभर मागे सरकू लागली. चिखलाची बांधी गेली, पांदीची अर्धी गेली, आणि तिची पाठ उत्तरेच्या भिंतीला लागली. खोली संपली. ती बसली आणि दम घेत राहिली.

तोवर स्नेहलने मोठ्या माईकचा अंगरखा घालून ते वाजवलं. पहिली बांधी छान. दुसरी छान. मग सुखदेवची मान वाकडी झाली. "थांब. मागून लाव."

पुन्हा लावलं.

"हे पाय. आत्या भिंतीपर्यंत गेली. पन तिची छाती इथंच रायली माईकापाशी."

मला ते लगेच ऐकू आलं. आवाज दूर गेला होता, पण त्यातला जाडपणा जवळचाच होता. आमच्याकडे शिंपी उभ्या बाईचं माप घेऊन झंपर शिवतो, आणि ती रोवायला वाकली की काखेत उसवतो, तसं काहीसं.

स्नेहलने नाही म्हटलं नाही. तिने हेडफोन लावून तीनदा ऐकलं. "बरोबर आहे, बाबा. मोठ्या माईकपासून माणूस लांब गेला की जाडपणा आपोआप कमी होतो. मान वळली की आवाजाचा रंग बदलतो. आपल्या नक्कलेला हे कळत नाही की आत्या सरकल्या. मी हाताने जागोजाग कमी करू शकते."

"म्हंजे तू अंदाजानं करशीन."

"अंदाजाने. पण एक वेगळा माईक येतो, त्याला पुढून-मागून दोन कान असतात. त्याच्यावर घेतलं तर कॉम्प्युटरला पुष्कळ कळतं."

"मंग हारलं नाई अजून तुहं गणित."

"नाही हरलं."

"मागव तो माईक."

"मागवते. पण यायला दिवस लागतील आणि तोवर..." ती थांबली.

कौसाबाई म्हणाली, "मी इथंच बसली हावो. माह्यासमोरच माहे दिवस मोजता का?"

ती एकटीच हसली आणि खोकली.

सुखदेव उठला. मोठ्या माईकच्या डब्याकडे त्याने बघितलंही नाही. छोटा माईक खांबावरून काढून हातात घेतला. म्हणाला, "अंगरखा काढ. जसा हाये तसा रायू दे. आत्या सरकन, मी तिच्या मागं... म्हंजे पुढं सरकतो. जवळच धरतो. दम कमी हाये, दुरून येनार नाई."

"खोली पुरत नाही, बाबा."

"बांधी लांब करू. दरवाजा उघडा."

असं ठरलं की कौसाबाईने आतल्या भिंतीपासून सुरुवात करायची आणि दारातून पडवीत, पडवीतून अंगणात मागे मागे जायचं. स्नेहलने घरात होती तेवढी वायर जोडली. मी कौसाबाईच्या मागे, पायरीवर ती पडू नये म्हणून कमरेला धरायला. जाऊ झेलायला. भोजराम गेला आणि आपल्या मोटारीचं बटण बंद करून आला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. अंगणात झिमझिम लागली होती.

गाणं सुरू झालं. कौसाबाई वाकलेली, मागे सरकतेय. तिच्यासमोर सुखदेव, गुडघे दुखरे, तोही वाकलेला, हातातला माईक तिच्या तोंडापाशी. दोघं मिळून एकच जुडी लावत असल्यासारखे. तळ्याची बांधी खोलीत झाली. जांभळीखालची दारात. पडवीत चिखलाची. पायरीवर मी तिला धरलं, तिला कळलंही नाही. तिचे डोळे खाली होते. पांदीची बांधी अंगणात सुरू झाली आणि तिचा आवाज मोकळा झाला. दम लागत होता, पण ओळ तुटत नव्हती.

पांदीची बांधी संपत आली आणि वायर संपली. आतून स्नेहल ओरडली नाही, पण तिने हात वर केलेला मला दिसला. अजून ओढलं असतं तर लॅपटॉप खाली आला असता. सुखदेव पायरीवरच अडकला. उताराची बांधी बाकी होती, ज्यात कळतं की बाई घरी पोचली की नाही. कौसाबाईला थांबवता येत नव्हतं. तिला थांबवलं असतं तर पुन्हा पहिल्यापासून, आणि तेवढा दम तिच्यात नव्हता हे सगळ्यांना दिसत होतं. ती सरकत राहिली. मी तिच्याबरोबर सरकत राहिले.

ते रेकॉर्डिंग आता माझ्या नातवाच्या मोबाइलमध्येही आहे. उताराची बांधी त्यात बारीक येते, पावसाच्या मागून. स्नेहलने दुसऱ्या दिवशी म्हटलं होतं, मी ते वर उचलू शकते, पाऊस पुसू शकते. सुखदेव म्हणाला, "काहून? आत्या तेवढी दूर गेलीच होती." तिने ऐकलं. पुढे तो दोन कानांचा माईक आला. स्नेहल म्हणते, बसून गाणाऱ्या माणसाचा आवाज त्यावर घेतला तर आता तिलाही फरक कळत नाही, आणि मोठा माईक फक्त दिवाळीत पुसायला काढते. खोटं कशाला बोलेल? कौसाबाई दिवाळीनंतर गेली. सुखदेव त्यापुढच्या उन्हाळ्यात पुण्याला मुलीकडे गेला आणि तिकडेच गेला. मी त्याच्या मातीला जाऊ शकले नाही, माझे गुडघे तेव्हा चालत नव्हते.

अंगणाच्या टोकाला, कुंपणाशी, कौसाबाईची पाठ लागली. गाणं संपलं. बाई घरी पोचली होती, पण अंधारात, आणि दार लागलेलं होतं. मला ते इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. मी नेहमी ओळीच्या दुसऱ्या टोकाला असायचे. कौसाबाई ओल्या मातीतच बसली, जुडी मांडीवर ठेवली आणि पंप मागितला.

मी वळून पाहिलं. सुखदेव पायरीवर एक गुडघा टेकून, ताणलेल्या वायरीसकट हात पूर्ण लांबवून तसाच होता. माईकवर पाणी पडत होतं. बनियन भिजली होती. मी हाक मारली, "झालं ना भाऊ. उठा आता."

त्याची मान वाकडी होती, माईक अजून चालू होता. त्याने मोकळा हात माझ्याकडे करून मला गप्प बसवलं.